चार दुकानं आणि एक वजनकाटा: स्पेशालिटी किराण्याच्या भावांच्या नोंदी

शनिवार, ७ जून

सुरुवात बिलावरून झाली. नवरा म्हणाला त्या भारी दुकानात जाणं बंद कर, सगळं गोदामातून आण, निम्म्यात होईल. मी म्हटलं निम्म्यात कसं ते दाखव. तो काय दाखवणार, त्याला तेलाची बाटली कुठून येते तेही माहीत नाही. पण माझ्याकडेही उत्तर नव्हतंच, नुसता अंदाज होता, म्हणून ठरवलं की सहा आठवडे नीट मोजायचं आणि लिहून ठेवायचं. कुणाला हेच करायचं असेल तर माझ्या चुका तरी वाचतील.

दुकानं चार. खरी नावं लिहीत नाही, घरात जी पडलीत तीच वापरते. गोदाम म्हणजे घाऊक छापाचं, मोठे पॅक, कुणी विचारत नाही आणि कुणी थांबवत नाही. पायरी म्हणजे तीन पायऱ्या चढून जायचं जुनं काउंटरवालं दुकान, चीज आणि ऑलिव्ह सुट्टे मिळतात. आरसा म्हणजे चकचकीत, जिथे बास्केटसुद्धा घरी न्यावीशी वाटते. चौथं ऑनलाइन, त्याचं नाव पाकीट.

वस्तू बारा: एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह ऑइल, पार्मिजानो (इटलीचं कडक, मुरवलेलं चीज), खाऱ्या पाण्यातले ऑलिव्ह, मध, केशर, व्हॅनिलाच्या शेंगा, दालचिनी, कॉफी बीन्स, ताहिनी (तिळाची पेस्ट), बाल्सामिक (इटलीचं गोडसर व्हिनेगर), मिसो (जपानी आंबवलेली सोयाबीनची पेस्ट), अक्रोड. पैशातले आकडे देत नाही, तुमच्याकडे ते कामाचे नाहीत. गोदामात ज्या वस्तूचा जो भाव तो १०० धरायचा आणि बाकीच्यांचा त्याच्या तुलनेत लिहायचा, एवढंच गणित.

रविवार, ८ जून

पहिली फेरी, तिन्ही दुकानं एका दिवसात. ही पहिली चूक. तिसऱ्या दुकानात पोचेपर्यंत पाय गेलेले, डोकं गेलेलं, आरशात दालचिनीचा भाव लिहिला पण पुडा किती ग्रॅमचा ते लिहायचं राहिलं, ताहिनीच्या तीन ब्रँडपैकी कुठल्या ब्रँडचा भाव घेतला तेही आठवत नाही. पूर्ण दिवस गेला आणि छत्तीसपैकी एकवीस आकडे वापरता येतील असे.

शिवाय शेल्फवरच्या चिठ्ठ्या. आरशात एकाच फळीवर एका मधाचा भाव १०० ग्रॅमला, शेजारच्याचा किलोला आणि तिसऱ्याचा नुसता 'एक नग'. युरोपियन युनियनमध्ये १९९८ च्या ९८/६ या निर्देशापासून एकक भाव, म्हणजे किलोमागचा किंवा लिटरमागचा भाव, दाखवणं बंधनकारक आहे, म्हणजे ही कटकट काही आजची नाही, पण चिठ्ठी लावली म्हणजे वाचणाऱ्याला तुलना करता आली असं होत नाही. आता चिठ्ठी बघतच नाही, फक्त किंमत आणि वजन लिहून घेते, भागाकार घरी.

बुधवार, ११ जून

धाकट्या भावाने शीट बनवून दिलं. आकडे भरले तर पाकीटवाल्याचं बाल्सामिक गोदामाच्या एक टक्का भावात. मी खूश, चार बाटल्या मागवायला निघाले होते. भावाला फोन केला तर तो हसतच सुटला, "ताई, आधी लेबल बघ, व्हिनेगर फुकट वाटायला बसलेत का ते?" लेबलवर ०,७५ लिटर असं स्वल्पविराम देऊन लिहिलेलं, मी तसंच टाकलं आणि शीटने ते पंचाहत्तर लिटर वाचलं. आयात मालावर हे सर्रास असतं, कारण बऱ्याच देशांत दशांश स्वल्पविरामानेच लिहितात. उपाय: सगळं ग्रॅम आणि मिलीमध्येच टाकायचं, दशांशाची भानगडच नको. ०,७५ नाही, ७५०.

बाल्सामिक तसंही यादीतून काढलं. इटलीतल्या मोडेनाचं आयजीपी (ठरावीक प्रदेशाच्या नावाची हमी असलेलं) बाल्सामिक कमीत कमी ६० दिवसांचं असतं आणि 'त्रादिझियोनाले' म्हणून जे १०० मिलीच्या बुटक्या बाटलीत मिळतं ते कमीत कमी १२ वर्षांचं. आरशात ही दोन्ही एकाच फळीवर शेजारी शेजारी. यांचा भाव जुळवणं म्हणजे सायकल आणि विमानाच्या तिकिटाची तुलना. उरल्या अकरा वस्तू.

शनिवार, १४ जून

आज फक्त पायरी. पावणेअकराला गेले, गर्दी नव्हती, मोबाइल काढून फळ्यांचे फोटो घ्यायला लागले. काउंटरमागचे काका शांतपणे म्हणाले, "मॅडम, फोटो काढू नका हं." मला इतकी लाज वाटली की मी काहीतरी पुटपुटून ताहिनीची एक बरणी घेतली आणि बाहेर पडले. हातात काही नाही, फेरी फुकट. एक तास दहा मिनिटं.

संध्याकाळी परत गेले आणि सरळ सांगितलं की काका, मी चार दुकानांचे भाव मोजतेय, तुमचं नाव कुठे लिहिणार नाही, फक्त घरी हिशोब बघायचाय. ते दोन मिनिटं काही बोलले नाहीत, मग आतून हाताने लिहिलेला भावांचा कागद आणून समोर ठेवला. म्हणाले, "हा उतरवून घ्या, पण चीजचा आणि ऑलिव्हचा भाव कागदावर बघून काही कळणार नाही, ते घेऊनच बघा." तेव्हा मला वाटलं की विकायची युक्ती आहे. पुढे वाचा.

सांगायचा मुद्दा, चोरून फोटो काढत बसू नका, विचारा. मी नंतर आरशातही विचारलं, तिथली मुलगी मॅनेजरला विचारते म्हणाली आणि परत आलीच नाही. गोदामात कुणाला विचारायचं हाच प्रश्न.

रविवार, १५ जून

द्रव पदार्थांनी दिवस खाल्ला.

पाकीटवाला तेल ग्रॅममध्ये विकतो, बाकीचे मिलीमध्ये. मी पाचशेला पाचशे धरलं होतं. ऑलिव्ह ऑइल पाण्यापेक्षा हलकं, एक लिटर साधारण ९१५ ग्रॅम भरतं, म्हणजे ५०० ग्रॅमची बाटली जवळजवळ ५४६ मिली. मी पाकीटवाल्याला नऊ टक्के महाग ठरवून मोकळी झाले होते, उगीच.

मधात याच्या उलटं. पायरीवर मधाची बरणी २५० मिली लिहिलेली, गोदामात ३५० ग्रॅम. मध पाण्याच्या जवळपास १.४ पट जड, २५० मिली म्हणजे ३५५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दोन्ही बरण्या जवळजवळ सारख्याच. माझ्या शीटमध्ये पायरीचा मध १५८ दिसत होता, दुरुस्त केल्यावर १११. आठवडाभर मी घरात सगळ्यांना सांगत फिरले की पायरीवाला मधात लुटतो. माफी मागितली नाही कारण त्यांना हे माहीतच नाही, पण इथे लिहून ठेवते.

आता नियम असा की सगळं वजनात. मिली दिसलं की घरी आणून काट्यावर, रिकाम्या भांड्याचं वजन वजा करून.

मंगळवार, १७ जून

काटा तपासला, हे खरं तर पहिल्या दिवशी करायला हवं होतं. घरातला स्वयंपाकाचा काटा एक ग्रॅमच्या पायरीने मोजतो. तपासायला मापाच्या वजनांची गरज नाही, नाणी चालतात, कारण नाण्याचं वजन टांकसाळी जाहीर करतात. एकाच प्रकारची वीस नवी नाणी टाकली, हिशोबाने जे यायला हवं त्यापेक्षा दोन ग्रॅम कमी आलं. चालण्यासारखं आहे. पण केशराला हा काटा निरुपयोगी, अर्ध्या ग्रॅमची डबी ठेवली तर कधी शून्य दाखवतो कधी एक. म्हणून ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा घेतला. त्याची किंमत ऑलिव्ह ऑइलच्या दोन बाटल्यांएवढी. हा खर्च या प्रकल्पाच्या नावावर, नवऱ्याला अजून सांगितलेला नाही.

याच काट्याच्या जोरावर एक मूर्खपणा केला. पाकीटवाल्याकडून आलेला अक्रोडाचा ५०० ग्रॅमचा पुडा ४९४ भरला, लगेच तक्रार ठोकली. त्यांनी नम्रपणे पुड्यावरच्या छोट्या ई खुणेकडे बोट दाखवलं. ती खूण १९७६ च्या युरोपियन निर्देशातली आहे, तिचा अर्थ असा की पुड्यांची सरासरी लिहिलेल्या वजनाइतकी हवी, एखादा पुडा ठरलेल्या मर्यादेत थोडा कमी असू शकतो, आणि ५०० ग्रॅमला ती मर्यादा १५ ग्रॅम आहे. शिवाय माझाच काटा दोन ग्रॅम कमी दाखवतो. तक्रार मागे घेतली.

शनिवार, २१ जून

ऑलिव्ह. या एका वस्तूने माझं मत तीनदा बदललं, म्हणून सविस्तर.

गोदामाची बरणी, एकूण वजन ३५० ग्रॅम. पायरीवरचे सुट्टे, २५० ग्रॅम मागितले. नुसत्या भावात बरणी १००, सुट्टे १४८. इथे थांबले असते तर गोदाम जिंकलं.

पण बरणीवर बारीक अक्षरात निथळलेलं वजन १९० ग्रॅम लिहिलेलं असतं, बाकी खारं पाणी. चाळणीत ओतून पंधरा मिनिटं ठेवलं, मोजलं, १९० बरोबर. म्हणजे खाण्याच्या मालाचा खरा आकडा १८४. पायरीवाल्या काकांनी डावाने काढताना पाणी बऱ्यापैकी झटकलेलं, तरी २५० मधले निथळून २१२ राहिले. आकडा १७५. म्हणजे पायरी स्वस्त. काका म्हणाले होते ते हेच, मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला आणि नवऱ्याला जाऊन मोठ्याने सांगितलं.

त्याने एक ऑलिव्ह तोंडात टाकला, बी काढून बशीत ठेवली आणि म्हणाला, "ही पण मोजलीस का?"

नव्हती मोजली. बरणीतले बिया काढलेले होते आणि सुट्टे बियांसकट. सगळ्या बिया जमवायला दोन दिवस लागले (घरात बशी ठेवली होती, बिया टाकायला मनाई), ४४ ग्रॅम निघाल्या. उरले १६८. आता पायरीचा आकडा २२०, बरणीचा १८४. गोदाम परत पुढे. चवीचं विचाराल तर बियांसकटवाले कितीतरी चांगले, घट्ट, बरणीतले रबरासारखे, पण ते या रकान्यात बसत नाही आणि बसवायचा मी प्रयत्नही केला नाही.

मंगळवार, २४ जून

अनुभवाचे गुण रद्द. सुरुवातीपासून प्रत्येक दुकानाला दहापैकी गुण देत होते आणि आज मागे वळून बघितलं तर आरशाला एकदा ९ आणि एकदा ४, दुकान तेच, फक्त दुसऱ्या वेळी मला भूक लागलेली आणि पाऊस होता. असल्या गुणांना काही अर्थ नाही. त्याऐवजी ज्याला हो, नाही किंवा नेमका आकडा असं उत्तर येतं तेवढंच लिहायचं. कुणी लक्ष द्यायला किती मिनिटं लागली. मला हवं तेवढंच कापून किंवा मोजून देतात का. चाखायला देतात का. खराब निघालं तर परत घेतात का. आणि प्रत्येक ठिकाणी तेच तीन प्रश्न: या तेलाचं ऑलिव्ह कधी तोडलं, हे चीज किती महिन्यांचं, ही कॉफी कधी भाजली.

तीन प्रश्नांचा निकाल मजेशीर निघाला. पायरीवर तिन्हींची उत्तरं आली, त्यातलं एक 'माहीत नाही, पुरवठादाराला विचारून सांगतो' असं होतं आणि दोन दिवसांनी खरंच सांगितलं, मी ते उत्तरच धरते. आरशात एका मुलाने तेलाच्या तोडणीची तारीख म्हणून बेस्ट बिफोरची तारीख वाचून दाखवली, फार आत्मविश्वासाने. गोदामात विचारायला माणूस शोधायला अकरा मिनिटं, तो फोर्कलिफ्टवाला निघाला. पाकीटवाल्याने मेलला एका दिवसात उत्तर दिलं, भाजल्याची तारीख बरोबर, चीजचं 'उत्तम दर्जाचं' एवढंच.

शनिवार, २८ जून

चीज, आणि परत एक घोडचूक.

गोदामातला पार्मिजानोचा २५० ग्रॅमचा व्हॅक्युम पॅक १००, पायरीवर कापून घेतलेला तुकडा १३८. तीन आठवड्यांत दोन्ही कसे संपले ते मोजलं. गोदामाच्या तुकड्याला कड म्हणजे ती कडक साल ३१ ग्रॅम, आणि आम्ही तिघंच खाणारे म्हणून शेवटी शेवटी बुरशी धरलेला भाग ४० ग्रॅम फेकला. उरलं १७९, आकडा १४०. पायरीवर मी १२० ग्रॅमच मागितलं, काकांनी काही न बोलता तेवढंच कापलं, कड ९ ग्रॅम, काही फेकलं नाही. आकडा १४९. म्हणजे फळीवरचा ३८ चा फरक ताटापर्यंत येता येता ९ वर आला. (कड सूपमध्ये उकळली तर चव येते, ती मी मोजली नाही. तुम्ही मोजत असाल तर मोजा.)

आणि मग काका सहज म्हणाले, तुमचा तो तुकडा चोवीस महिन्यांचा होता. पार्मिजानो कमीत कमी १२ महिने मुरवावं लागतं, गोदामाच्या पाकिटावर महिने लिहिलेलेच नव्हते, म्हणजे कमीत कमीच धरायचं. मी बारा महिन्यांच्या चीजशी चोवीस महिन्यांचं जुळवत बसले होते! तीन आठवड्यांची मोजणी, आणि शीर्षकातच चूक. पायरीवर बारावालं नाही, गोदामात चोवीसवालं नाही. आकडे ठेवलेत, शेजारी लाल रंगात 'माल सारखा नाही' लिहून.

आरशातला किसलेला डबा ११८ होता, बघायला सोयीचा. पार्मिजानोच्याच नियमांप्रमाणे किसलेल्यात १८ टक्क्यांपर्यंत कड असलेली चालते, म्हणजे साल आपण विकत घेतोच, फक्त दिसत नाही. आणि 'पार्मेझान स्टाइल' वगैरे लिहिलं असेल तर ते वेगळंच काहीतरी आहे, खऱ्याच्या कडेवर ठिपक्या ठिपक्यांनी नाव उमटवलेलं असतं, कापताना बघून घ्या.

रविवार, २९ जून

बारीकसारीक महाग वस्तू एका बैठकीत उरकल्या.

व्हॅनिलाच्या शेंगा नगावर विकतात, आणि इथेच फसायला होतं. गोदामात या मिळतच नाहीत म्हणून पाकीटवाल्याची शेंग १००, पायरीवरची १७०. छोट्या काट्यावर पाकीटवाल्याची १.६ ग्रॅम, सुकून काडी झालेली, पायरीवरची ३.४, वाकवली तरी तुटत नाही. ग्रॅममागे पायरी वीस टक्के स्वस्त. जाड शेंगेत ओलावाही जास्त असतो, म्हणून वजन हाही शेवटचा शब्द नाही, पण त्या काडीतून सुरीने खरवडून जे निघालं ते बघून मी पुढे काही मोजलं नाही.

केशर: चारही डब्या थंड पाण्यात घातल्या, चारही हळूहळू पिवळा रंग सोडत गेल्या आणि काड्या लालच राहिल्या, म्हणजे नुसत्या रंगवलेल्या तरी नाहीत. आयएसओ ३६३२ हे केशराचं मानक आहे, त्यात रंगाची ताकद आकड्यात मोजतात, पण तो आकडा छापलेला फक्त पाकीटवाल्याच्या आणि आरशाच्या डबीवर, आणि पाकीटवाल्याचा आकडा जास्त असून भाव कमी. आरशाच्या डबीवर नक्षी सुंदर आहे. पिना ठेवल्यात तिच्यात.

दालचिनी: आरशात आणि गोदामात दोन्हीकडे नुसतं 'दालचिनी'. गोदामाची जाड सालीची, एकच वळण, म्हणजे कॅशिया. पायरीवरची पातळ पदरांची विडी, ती सिलोन. कॅशियात कूमरिन (जास्त झालं तर यकृताला त्रासदायक असं द्रव्य) बरंच जास्त असतं, रोज खाणाऱ्याने सिलोन घ्यावी असं सांगतात ते म्हणून. पुन्हा दोन वेगळ्या वस्तू एकाच नावाखाली. यादीतून बाद.

शनिवार, ५ जुलै

तेलाची चव. निकाल आधी सांगते: प्रयोग वाया.

तीन तेलं, मी, नवरा आणि धाकटा भाऊ. तेल चाखणारे अधिकृत लोक निळ्या काचेचा ग्लास वापरतात म्हणजे रंग बघून मत बनत नाही, आमच्याकडे ग्लास नाहीत म्हणून गडद मग घेतले, खाली नंबर चिकटवले. तिघांनीही गोदामाचं तेल शेवटी टाकलं, खवट म्हणून. मी विजयी मुद्रेने शीट उघडलं आणि मग लक्षात आलं की गोदामाचा डबा मी पहिल्या आठवड्यात उघडून शेगडीशेजारी ठेवला होता, बाकीच्या दोन बाटल्या आजच उघडल्या. तेलाला उजेड, उष्णता आणि हवा चालत नाही हे मलाच माहीत असून. एक महिना शेगडीजवळ बसलेल्या तेलाशी काय स्पर्धा.

त्यातून एक गोष्ट मात्र निघाली. लिटरचा डबा स्वस्त, पण आमच्या घरात लिटर संपायला नऊ-दहा आठवडे लागतात. धाकट्याकडे तोच डबा तीन आठवड्यांत संपतो, त्याच्यासाठी तो खरंच स्वस्त.

मंगळवार, ८ जुलै

कॉफीचा नवा पुडा पाकीटवाल्याकडून आला. भाव तोच, पुडा तेवढाच दिसतो, वजन २२७ ग्रॅम. जुना २५० चा होता, रिकामा पुडा ठेवलेला म्हणून कळलं. म्हणजे दहा टक्के वाढ, चूपचाप. २२७ ग्रॅम म्हणजे बरोब्बर अर्धा पाउंड, तेव्हा कदाचित पुरवठादारच बदलला असेल, फसवण्याचा हेतू असेलच असं नाही, पण मला सांगायला काय झालं होतं. फ्रान्समध्ये १ जुलै २०२४ पासून मोठ्या दुकानांना असा आकसलेला माल असला की दोन महिने फळीजवळ पाटी लावावी लागते. ऑनलाइनच्या पानावर वजन बदललेलं होतं, बारीक अक्षरात, पाटी वगैरे काही नाही.

तेव्हापासून प्रत्येक वस्तूचं एक रिकामं पाकीट ड्रॉवरमध्ये. नवरा म्हणतो भंगारवाल्याकडे नोकरी धर.

शनिवार, १२ जुलै

अक्रोड परत करण्याची चाचणी. ही मुद्दाम केलेली नाही, गोदामाचा पुडा खरोखर खवट निघाला. गोदामात पावती मागितली, पावती होती, पुडा उघडलेला आहे म्हणून नाही म्हणाले. मी म्हटलं न उघडता खवट कसं कळणार. काउंटरवरच्या मुलालाही ते पटलं, पण त्याच्या हातात नव्हतं. चाळीस मिनिटं, परतावा शून्य. पायरीवर मागे एकदा चीजचं टोक वाळलेलं दिलं होतं, ते मी दाखवल्याबरोबर काकांनी बदललं, पावतीही मागितली नाही. आरशात परत करायला काही नव्हतं.

मिसोचं अर्धवट राहिलं. पांढरा, लाल, मिश्र, आणि प्रत्येक दुकानात वेगळाच. दोन जागी एकसारखा मिळेपर्यंत भाव लिहिण्यात अर्थ नाही. ताहिनी चारही ठिकाणी एकाच ब्रँडची मिळाली, ती एकटीच वस्तू जिथे काही दुरुस्ती लागली नाही. कंटाळवाणी आणि बरोबर.

रविवार, २० जुलै

बेरीज. बाल्सामिक, दालचिनी आणि मिसो गेल्यावर उरल्या नऊ वस्तू. व्हॅनिला गोदामात नाही म्हणून ती बेरजेत नाही, राहिल्या आठ. कुठलीही दुरुस्ती न करता, फळीवरच्या भावाने: गोदाम १००, पाकीट ११२, पायरी १३९, आरसा १५१. निथळून, साल काढून, फेकलेलं वजा करून, वजनात आणून: गोदाम १००, पायरी ११७, पाकीट ११८ (पोचवण्याचा खर्च धरून), आरसा १४६. चीजच्या आकड्यांशेजारचा लाल शेरा तसाच आहे, तो यात मिसळून गेला, हे सांगायला हवं.

वेळ वेगळा लिहिला आहे, पैशात बदलला नाही. गोदामाची एक फेरी जाऊन येऊन सरासरी दोन तास वीस मिनिटं, आरशाची एक तास पाच, पायरीची पस्तीस.

आणि आता जे लिहायचं टाळत होते ते. पावत्या पूर्ण मोजल्या. यादीतल्या वस्तू बाजूला काढल्या की यादीबाहेरचं उरतं, आणि ते आरशात यादीच्या ६१ टक्के निघालं. म्हणजे शंभराची यादी घेऊन गेले तर एकशे एकसष्टचं घेऊन आले, प्रत्येक वेळी. ट्रफल मीठ (दोनदा), अंजिराचा जॅम, एक छोटा लाकडी चमचा ज्याचा उपयोग अजून सापडलेला नाही. गोदामात २२ टक्के, पायरीवर ८, कारण तिथे काउंटरच्या पलीकडे हात पोचत नाही आणि प्रत्येक गोष्ट तोंडाने मागावी लागते. पाकीटवाल्याकडे १५, त्यातलं निम्मं 'आणखी एवढं घ्या म्हणजे डिलिव्हरी फुकट' या वाक्याचं. नऊ वस्तूंमागे सहा आठवडे काटा घेऊन फिरले आणि बिल फुगवणारं जे होतं ते मी मोजतच नव्हते.

नवऱ्याला दोन्ही आकडे दाखवले. निम्म्यात होत नाही हे त्याने मान्य केलं, मग ६१ वर बोट ठेवून चहा करायला उठला.

शनिवार, २६ जुलै

सध्याची व्यवस्था: ताहिनी आणि बरणीतले ऑलिव्ह गोदामातून, दोन महिन्यांतून एकदा, धाकट्याबरोबर, तेलाचा डबा अर्धा अर्धा. केशर आणि कॉफी पाकीटवाल्याकडून, पुडा आला की आधी काट्यावर. चीज, व्हॅनिला, अक्रोड आणि पाहुणे येणार असतील तेव्हाचे बियांसकटचे ऑलिव्ह पायरीवरून, लागतील तेवढेच. मध जिथे आधी जाणं होईल तिथून. आरशात गेले नाही, पुढच्या महिन्यात जाईन, रोख मोजून घेऊन आणि कार्ड घरी ठेवून, काय होतं ते लिहीन.

सकाळी पायरीवर १२० ग्रॅम चीज मागितलं. काकांनी सुरी लावली, कापलं, काट्यावर ठेवलं, १२३ आलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "वरचे तीन घरच्या काट्याला लागू पडतील, तुमचा कमी दाखवतो ना?" हे त्यांना मी कधी सांगितलं ते आठवत नाही.